१७९३ मध्ये फ्रान्स फुटला असता, तर कुठून फुटला असता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही पर्यायी इतिहासावर कादंबरी लिहिताय. तिच्यात १७९३ च्या उन्हाळ्यात पॅरिसचं क्रांतिकारी सरकार कोसळतं आणि फ्रान्सचे पाच देश होतात: ब्रिटनी, नॉर्मंडी, बर्गंडी, प्रोव्हान्स आणि दक्षिणेकडचं ऑक्सितानिया. हे पटण्यासारखं आहे का, आणि नसेल तर काय बदलावं?

फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना मी एम.ए.च्या मुलांना दरवर्षी असा एखादा जर-तरचा प्रश्न घालतो. दरवर्षी हाच नकाशा हातात पडतो, फक्त रंग वेगळे असतात. म्हणून आधी निकाल सांगतो आणि मग कारणं. फ्रान्स फुटण्याचा धोका खरा होता, साधारण जूनअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पण तो तुम्ही आखलेल्या रेषांवर फुटला नसता. आणि जे तुकडे पडले असते त्यांतल्या एकानेही, एक बेट सोडलं तर, ‘आम्ही वेगळा देश’ असं म्हटलं नसतं. प्रत्येक जण म्हणाला असता, ‘खरा फ्रान्स आम्हीच.’ कादंबरीकाराला यात जास्त मजा आहे असं मला वाटतं, पण त्यासाठी नकाशा पुसून परत काढावा लागेल.

जुने प्रांत का चालत नाहीत ते आधी पाहू. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क सोडले गेले हे शाळेतही शिकवतात. त्याच रात्री प्रांतांचे आणि शहरांचे खास अधिकारही सोडले गेले, हे सहसा कोणी सांगत नाही. ब्रिटनीला १५३२ पासून, फ्रान्समध्ये सामील झाल्यापासून, करांबाबत स्वतःच्या सवलती होत्या, स्वतःची प्रांतसभा होती, रेनला वरिष्ठ न्यायालय होतं. ते सगळं पुढच्या वर्षभरात संपलं. १७९० च्या सुरुवातीला देशाचे ८३ देपार्तमां, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हे, पाडण्यात आले. सुरुवातीच्या आराखड्यात तर नकाशावर चौकोन आखायचं घाटत होतं. स्थानिक प्रतिनिधींनी भांडून ते थांबवलं, पण प्रांतांची नावं काही परत आली नाहीत. जिल्ह्यांना नावं दिली ती नद्यांची आणि डोंगरांची. ब्रिटनीचे पाच जिल्हे झाले, नॉर्मंडीचेही पाच, प्रोव्हान्सचे तीन.

१७९३ पर्यंत या नव्या चौकटीला तीन वर्षं झाली होती. निवडणुका तिच्यात होत, कर तिच्यात जमा होत, फौजेची भरती तिच्यात होई. बंड करायला जे लोक पुढे आले ते या जिल्ह्यांचेच निवडून आलेले कारभारी होते. ‘प्रोव्हान्स’ नावाचा खजिना नव्हता, ‘नॉर्मंडी’ नावाचं कार्यालय नव्हतं. बंडाला शिक्का, तिजोरी आणि सह्या करणारी माणसं लागतात, आणि ती फक्त जिल्ह्याकडे आणि शहराच्या पालिकेकडे होती. पॅरिसला हे नीट कळलं होतं. मार्सेयचा पाय कापायला कन्व्हेन्शनने, म्हणजे पॅरिसमधल्या निवडून आलेल्या राष्ट्रीय सभेने, जून १७९३ मध्ये आविन्योंभोवती व्होक्लूज नावाचा नवा जिल्हाच काढला. त्याच वर्षी ल्यों शहराला धडा शिकवताना र्‍होन-ए-ल्वार या जिल्ह्याचे दोन जिल्हे केले. जिल्ह्याची हद्द हे त्या वर्षी पॅरिसच्या हातातलं हत्यार होतं, आणि कादंबरीत कुणी वापरलेलं मी पाहिलेलं नाही.

भाषेचा मुद्दा तुम्ही प्रश्नात काढला आहे, तोही इथेच निकाली काढतो. १७९४ मध्ये ग्रेग्वार या प्रतिनिधीने कन्व्हेन्शनपुढे अहवाल ठेवला, त्यात निदान साठ लाख लोकांना फ्रेंच अजिबात येत नाही आणि जवळपास तितक्याच लोकांना ते धड बोलता येत नाही असं म्हटलं होतं. लोकसंख्या २ कोटी ८० लाखांच्या घरात. त्याच्या काही महिने आधी बारेर या दुसऱ्या प्रतिनिधीने भाषणात म्हटलं होतं की संघवाद (जिल्ह्यांच्या पॅरिसविरुद्धच्या बंडाला पॅरिसने दिलेलं नाव) आणि अंधश्रद्धा ब्रेटन बोलतात, देशत्याग आणि प्रजासत्ताकाचा द्वेष जर्मन बोलतो. वाक्य टाळ्यांचं आहे, पण बंडाचा नकाशा भाषेच्या नकाशावर ठेवून पाहा, जुळत नाही. सगळ्यात भयंकर बंड पश्चिमेच्या ज्या व्हांदे प्रदेशात झालं तिथली बोली फ्रेंचचीच चुलत बहीण होती. ब्रेटन बोलणाऱ्या फिनिस्तेरमध्ये बंड केलं ते फ्रेंचमध्ये ठराव लिहिणाऱ्या जिल्हा कारभाऱ्यांनी. त्यांच्यापैकी २६ जणांना मे १७९४ मध्ये ब्रेस्टला गिलोटीनवर चढवलं. ते मेले ते प्रजासत्ताकवादी म्हणून, ब्रेटन राष्ट्रवादी म्हणून नव्हे. तो प्रकार तेव्हा नव्हताच.

आता प्रत्यक्ष काय झालं ते. २ जून १७९३ रोजी पॅरिसच्या नॅशनल गार्डने तोफा रोखून कन्व्हेन्शनला वेढा घातला आणि २९ जिराँदवादी प्रतिनिधींना अटक करायला लावलं. जिराँदवादी म्हणजे सभेतला मवाळ प्रजासत्ताकवादी गट; त्यांच्या विरोधातले, पॅरिसच्या पाठिंब्यावर उभे असलेले जहाल म्हणजे जॅकोबिन. भांडण जुनं होतं. सप्टेंबर १७९२ मध्येच लासूर्स म्हणाला होता की पॅरिसचं वजन इतर प्रत्येक जिल्ह्याइतकं, म्हणजे ८३ वा हिस्सा, एवढंच असायला हवं. मे १७९३ मध्ये इस्नारने अध्यक्षाच्या आसनावरून धमकी दिली की प्रतिनिधींना हात लावाल, तर पॅरिस कधी होतं का हे लोक सेनच्या काठावर शोधत फिरतील. अटकेची बातमी पोचली तशी बरीच जिल्हा प्रशासनं खवळली. निषेधाचे ठराव ढिगाने झाले. फौज उभारण्यापर्यंत गेलेली केंद्रं मात्र मोजकीच: नॉर्मंडीत काँ, नैऋत्येला बोर्दो, र्‍होनच्या खोऱ्यात ल्यों, खाली मार्सेय आणि तुलों. ल्यों तर दोन जूनच्याही आधी, २९ मे रोजीच, आपली जॅकोबिन पालिका उलथवून बसलं होतं.

या शहरांना काय हवं होतं? एकत्र कुटुंबात दोन तऱ्हेचे भाऊ असतात. एक वाटणी मागतो. दुसरा म्हणतो, घर एकच राहू दे, पण कर्तेपण थोरल्याकडून काढा, तो घर बुडवतोय. बंडखोर शहरं दुसऱ्या भावासारखी होती. ल्योंच्या जाहीरनाम्यांवर ‘एकसंध आणि अविभाज्य प्रजासत्ताक’ हेच शब्द होते, मार्सेयच्याही. देश तोडल्याचा आरोप त्यांच्यावर पॅरिसने लावला, आणि डिसेंबर १७९२ पासून प्रजासत्ताकाची एकता मोडू पाहणाऱ्याला मृत्युदंड असा ठरावच होता, त्यामुळे तो आरोप करण्यात फायदाही होता. बंडखोरांची चाल होती पॅरिसवर चालून जाऊन कन्व्हेन्शन ‘मोकळं’ करायची. देश सोडायचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता, आणि म्हणूनच ते फसले. पॅरिसवर चालून जायला फौज लागते. स्वतःचं शहर राखायला तयार असलेला व्यापारी पॅरिसपर्यंत चालत जायला तयार नव्हता.

काँचं उदाहरण घ्या. तिथे पळून आलेले जिराँदवादी नेते होते, विंफेनसारखा सेनापती होता. जुलैत नॅशनल गार्डला रांगेत उभं करून ‘पॅरिसला कोण येतं’ विचारलं, तर बोटांवर मोजण्याइतके पुढे आले. जे निघाले त्यांची १३ जुलैला पासी-स्यूर-यूरपाशी सरकारी तुकडीशी गाठ पडली. थोड्या तोफा उडाल्या आणि दोन्ही बाजू पळाल्या. सरकारी बाजू आधी परतली, म्हणून जिंकली. त्याच दिवशी काँहून गेलेल्या शार्लोत कोर्देने पॅरिसमध्ये मारा या जॅकोबिन पुढाऱ्याला न्हाणीच्या टबात भोसकलं. त्याने बंडाला काही मिळालं नाही, जॅकोबिनांना हुतात्मा तेवढा मिळाला. तुमचा नॉर्मंडी देश इथे, एका दुपारी, संपला. बोर्दोने तर चारेकशे माणसं काढली, ती लांगोंच्या पुढे गेली नाहीत. मग पॅरिसच्या प्रतिनिधींनी शहराचं धान्य अडवायला सुरुवात केली. बोर्दोभोवती द्राक्षं पिकतात, गहू नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथली बंडखोर समिती स्वतःच विसर्जित झाली.

दुसरी एक गोष्ट, जी नकाशावर दिसत नाही. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या झाल्या, मग विकल्या गेल्या. घेणारे कोण? शहरांतले वकील, व्यापारी, सधन शेतकरी, म्हणजे नेमका तोच वर्ग जो १७९३ मध्ये पॅरिसविरुद्ध ठराव करत होता. त्यांच्या जमिनीचा कागद पॅरिसच्या कायद्यावर उभा, आणि तिजोरीतला पैसा म्हणजे पॅरिसने छापलेले आसिन्या, म्हणजे कागदी नोटा. ऑगस्ट १७९३ मध्ये आसिन्याची किंमत दर्शनी किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास घसरली होती, तरी चलन तेच होतं. वेगळं व्हायचं तर नवं चलन काढावं लागतं आणि जमिनीच्या खरेदीखतांचं काय करायचं हे ठरवावं लागतं. राजा परत आला तर बिशप जमीन मागायला दारात उभा राहणार. मला विचाराल तर फ्रान्सला १७९३ मध्ये धरून ठेवण्यात देशप्रेमाइतकाच या खरेदीखतांचा हात होता. राज्यघटनेनेही मदत केली. जॅकोबिनांनी २४ जूनला घाईघाईने नवी घटना मंजूर करून ती जनमताला टाकली. १८ लाखांच्या आसपास होकार आले, आणि त्यांत बंडाकडे झुकलेल्या भागांचेही होते. ‘पॅरिसला हुकूमशाही हवी आहे’ या आरोपातली हवा त्याने निघाली. घटना नंतर कधी अमलात आलीच नाही, हा भाग वेगळा.

पश्चिमेचं प्रकरण मुळातून निराळं आहे. व्हांदेचे शेतकरी मार्च १७९३ मध्ये उठले ते तीन लाखांच्या सैन्यभरतीविरुद्ध, आणि त्याआधी दोन वर्षं क्रांतिकारी सरकारची शपथ न घेणाऱ्या पाद्र्यांना हाकलल्याचा राग साचला होता म्हणून. त्यांना राजा हवा होता, चर्च हवं होतं. त्यांचं आणि जिराँदवाद्यांचं पटणं अशक्य होतं, आणि नांत शहराने ते दाखवूनच दिलं. २९ जूनला कातलिनो आणि शारेत या व्हांदेच्या सेनानींच्या फौजा नांतवर दोन्ही बाजूंनी तुटून पडल्या. शहराने महापौर बाकोच्या पुढारीपणाखाली हल्ला परतवला, कातलिनो गोळी लागून पंधरवड्यात मेला. आणि मग त्याच नांतच्या कारभाऱ्यांनी आठवडाभरात पॅरिसच्या कन्व्हेन्शनविरुद्ध ठराव केला! बाको ते सांगायला पॅरिसला गेला आणि तुरुंगात पडला. कादंबरीत एकच पात्र घ्यायचं असेल तर मी हा महापौर घेईन.

मग फूट पडायची कशी? माझ्या मते तीन जागी इतिहासाचा काटा अगदी थोडक्यात या बाजूला पडला.

पहिली जागा नांत. ते पडलं असतं तर राजनिष्ठांना ल्वार नदीचं मुख आणि खोल पाण्याचं बंदर मिळालं असतं, म्हणजे इंग्रजांची बंदुकीची दारू, पैसा आणि राजपुत्र उतरवायला धक्का. प्रत्यक्षात बंदराच्या शोधात ही माणसं बायकापोरांसह ल्वार ओलांडून नोव्हेंबरमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या ग्रानव्हीलपर्यंत गेली, ते घेता आलं नाही, इंग्रज वेळेवर आले नाहीत, आणि २३ डिसेंबरला साव्हनेला त्यांचा शेवट झाला.

दुसरी जागा फारशी कुणाला माहीत नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: र्‍होनच्या खोऱ्यातला द्रोम जिल्हा, मुख्य गाव व्हालांस. ल्यों उत्तरेला, मार्सेय दक्षिणेला, मधून नदी आणि नदीकाठचा एकच मोठा रस्ता. मार्सेयची फौज आविन्योंपर्यंत चढली होती, नीमच्या लोकांनी पों-सां-एस्प्रीचा पूल धरला होता. ल्योंहून खाली यायला वाट मोकळी असती, तर दोन मोठी शहरं जोडली गेली असती. मध्ये होतं व्हालांस. तिथे जूनअखेर आसपासच्या जॅकोबिन मंडळांची सभा भरली, पायां बंधूंसारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी जोर लावला, आणि द्रोम पॅरिसच्या बाजूने राहिलं. वर ग्रनोबलमध्ये कन्व्हेन्शनचा प्रतिनिधी द्युब्वा-क्रांसे याने जिल्हा वळवून घेतला. जुलैच्या मध्यात सरकारी सेनापती कार्तोच्या लहानशा फौजेने पूल परत घेतला, मग आविन्यों, आणि २५ ऑगस्टला तो मार्सेयमध्ये शिरला. ल्यों एकटं पडलं. ऑगस्टपासून वेढा, ९ ऑक्टोबरला शरणागती, आणि मग तो कुप्रसिद्ध हुकूम की ल्यों हे नावच राहणार नाही. कोलो आणि फूशे या पॅरिसच्या प्रतिनिधींनी त्यानंतर तिथे शेकड्यांनी माणसं मारली, गिलोटीन पुरेना म्हणून तोफांनी उडवली. व्हालांसची सभा दुसरीकडे झुकली असती, तर हे सगळं नक्कीच टळलं असतं असं नाही, पण कार्तोला आल्प्सकडून खाली उतरायला रस्ता राहिला नसता, आणि ल्यों-मार्सेय पट्टा हिवाळ्यापर्यंत टिकला असता.

हिवाळ्यापर्यंत टिकल्यावर खायचं काय? इथे धान्य परत येतं. मार्सेय आणि तुलों दोन्ही समुद्रावरून येणाऱ्या गव्हावर जगत, आणि समुद्रावर इंग्रज अ‍ॅडमिरल हूडचं आरमार होतं. मार्सेयने धान्यासाठी हूडशी बोलणी चालवली होती, ती पुरी होण्याआधी कार्तो आला. त्याच्या पुढे धावलेले लोक तुलोंला पोचले, आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तुलोंने हूडला बंदर, किल्ले आणि फ्रान्सचं भूमध्य समुद्रातलं जवळजवळ सगळं आरमार देऊन टाकलं. अट एकच: आम्ही सतराव्या लुईचे, म्हणजे शिरच्छेद झालेल्या राजाच्या, पॅरिसच्या तॉंप्ल तुरुंगात असलेल्या आठ वर्षांच्या पोराचे प्रजाजन. जूनमध्ये प्रजासत्ताकाच्या नावाने उठलेलं शहर ऑगस्टमध्ये राजाच्या नावाने शत्रूला मिळालं. त्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. भाकरी कुठून येते आणि गिलोटीन कुठून येते, या दोन दिशा स्पष्ट झाल्या, एवढंच.

तिसरी जागा देशाबाहेर आहे. जुलैत ऑस्ट्रियाने फ्रान्सच्या उत्तर सीमेवरचे काँदे आणि व्हालांसिएन हे किल्ले घेतले, आणि तेही फ्रान्सच्या राजाच्या नावाने नव्हे, सम्राटाच्या नावाने. हा तपशील अधोरेखित करून ठेवा. तिथून पॅरिस दोनशे किलोमीटर. पण इंग्रज सेनापती यॉर्कचा ड्यूक लंडनच्या हुकमाने डंकर्क घ्यायला समुद्राकडे वळला, ऑस्ट्रियन सेनापती कोबुर्ग ल केन्वाच्या किल्ल्यापाशी बसला. सप्टेंबरमध्ये हाँडस्कोटला इंग्रज-हॅनोव्हर फौज मागे रेटली गेली, ऑक्टोबरमध्ये वातिन्यीला ऑस्ट्रियन. प्रशियाचं अर्धं लक्ष पोलंडमध्ये होतं, जिथे जानेवारीतच दुसरी फाळणी झाली होती. आणि एक चूक तर अशी की कादंबरीत लिहिली तर संपादक म्हणेल पटत नाही: फ्रेंचांनी धरलेलं र्‍हाइनवरचं माइन्झ आणि व्हालांसिएन शरण आले तेव्हा त्यांतल्या फ्रेंच शिबंदीला मित्रराष्ट्रांविरुद्ध ठरावीक काळ लढायचं नाही, एवढ्या वचनावर सोडून दिलं. देशातल्या बंडखोरांविरुद्ध लढू नये, असं त्यात नव्हतं. माइन्झचे सुमारे १५ हजार मुरलेले सैनिक व्हांदेकडे रवाना झाले, पुढे नावाजलेला सेनापती क्लेबर त्यांच्यातलाच. व्हालांसिएनचे ल्योंच्या वेढ्यावर गेले. दोन्ही बंडं मोडायची फौज पॅरिसला शत्रूने पुरवली.

आता माझा नकाशा. समजा या तीनपैकी दोन गोष्टी उलट झाल्या: व्हालांस बंडाकडे गेलं आणि माइन्झची शिबंदी कैदेत राहिली. १७९४ च्या वसंतात मला असं चित्र दिसतं. पॅरिसभोवतीची सपाट गव्हाची जमीन, मध्य फ्रान्स आणि शॅम्पेन कन्व्हेन्शनकडे, आणि तिथली राजवट खऱ्या इतिहासापेक्षाही कडक, कारण प्रत्येक भाकरी मोजून. ल्वारच्या दक्षिणेला राजनिष्ठ पश्चिम, नांत इंग्रजांच्या आधाराने उभं, ब्रिटनीच्या गावाखेड्यांत शुआं, म्हणजे राजनिष्ठ गनिमी, टोळ्या. ब्रेस्ट मात्र प्रजासत्ताकाच्या खलाशांकडे, त्यामुळे ‘ब्रिटनी’ म्हणून एकही सलग तुकडा नाही. र्‍होनचा पट्टा ल्योंपासून तुलोंपर्यंत. त्याच्या उत्तर टोकाला प्रजासत्ताकाचा झेंडा आणि दक्षिण टोकाला राजाचा, आणि मध्ये आविन्यों, जिथे रोज भांडण. उत्तरेच्या किल्ल्यांची ओळ ऑस्ट्रियाकडे. आल्सेसमध्ये ऑस्ट्रियन सेनापती वुर्मजर, जो मुळात स्ट्रासबर्गचाच. पेर्पिन्याँच्या आसपास स्पॅनिश. साव्हॉय परत सार्डिनियाकडे. बोर्दो कुणाचंच नाही, जो गहू देईल त्याचं.

आणि कॉर्सिका. आधी जे बेट सोडलं ते हेच. त्याची फूट कल्पनेत नाही, प्रत्यक्षात पडली. तिथला पुढारी पाओली याने मे १७९३ मध्ये कोर्तेला सभा बोलावून पॅरिसशी नातं तोडलं, बोनापार्त कुटुंबाला बेट सोडून पळावं लागलं, आणि जून १७९४ मध्ये तिसऱ्या जॉर्जला राजा मानून इंग्रज-कॉर्सिकन राज्य उभं राहिलं, गिल्बर्ट इलियट व्हाइसरॉय. ते १७९६ च्या ऑक्टोबरपर्यंत चाललं. नीट पाहा, इथे वेगळं राष्ट्र असल्याची जाण होती, समुद्र होता, फ्रान्सने विकत घेऊन पुरती पंचवीस वर्षं झाली होती, आणि तरीही इंग्रज आरमार निघून गेल्यावर ते उरलं नाही. मार्सेय किंवा नांत त्याहून जास्त टिकले असते, असं मानायला मला आधार दिसत नाही.

यातून तुमच्या कथेसाठी मोठा प्रश्न निघतो: हे तुकडे देश होतील की लूट? १७९३ च्या युरोपात ‘आम्हाला स्वातंत्र्य द्या’ म्हणणाऱ्या छोट्या प्रदेशांना कोणी देश म्हणून मान्यता देत नव्हतं. मोठं राज्य दुबळं झालं की शेजारी ते वाटून घेत. पोलंडचं तेच चाललं होतं, आणि १७९५ मध्ये तो नकाशावरून गेलाच. व्हालांसिएनवर सम्राटाचा झेंडा लागला तो त्याच रीतीने. तुलोंमध्ये हूडने बंदर ‘सतराव्या लुईच्या वतीने ठेव’ म्हणून घेतलं, पण लुईचा काका, स्वतःला कारभारी राजप्रतिनिधी म्हणवणारा प्रोव्हान्सचा काउंट, तिथे यायला निघाला तेव्हा इंग्रजांना ते नको होतं. म्हणजे राजनिष्ठ तुकड्यातही राजाच्या माणसाला जागा नाही. कादंबरीतला तणाव इथे आहे, भाषिक अस्मितेत नाही. ती एकोणिसाव्या शतकातली पात्रं आहेत, त्यांना शंभर वर्षं आधी स्टेजवर ढकलू नका.

किती काळ? मला दोन ते पाच वर्षं वाटतात. पॅरिसकडे लोकसंख्या होती, रस्ते पॅरिसकडेच येत होते, तोफांचे आणि बंदुकांचे कारखाने बरेचसे हाताशी होते. ऑगस्ट १७९३ ची सार्वत्रिक सैन्यभरती अर्ध्या देशातून झाली असती तरी ती शेजाऱ्यांच्या भाडोत्री फौजांपेक्षा मोठीच. र्‍होनचा पट्टा आधी पडला असता, पश्चिम नंतर. कायमचं गेलं असतं ते उत्तरेचे काही किल्ले, कदाचित आल्सेसचा भाग. म्हणजे पाच देशांचा फ्रान्स नाही, कडा कुरतडलेला आणि आतून भाजलेला फ्रान्स.

पुढच्या परिणामांबद्दल थोडंच. तुलों डिसेंबर १७९३ मध्ये परत घेतलं नसतं, तर तोफखान्याच्या २४ वर्षांच्या एका कॅप्टनला ब्रिगेडियर जनरल व्हायचं कारण मिळालं नसतं. नेपोलियन आलाच नसता असं मी म्हणत नाही, पण कुणीतरी लष्करी माणूस आला असता. राज्य जितकं फुटकं तितकी त्याची गरज लवकर. सेंट-डोमिंगोमध्ये, म्हणजे कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत (आजचं हैती), गुलामांचं बंड १७९१ पासून पेटलेलंच होतं. तिथला फ्रेंच आयुक्त सोंथोना याने ऑगस्ट १७९३ मध्ये गुलामी संपवली ती पॅरिसला न विचारता, तेव्हा ती गोष्ट तशीच घडली असती. फेब्रुवारी १७९४ चा कन्व्हेन्शनचा गुलामी रद्द करण्याचा ठराव मात्र बोर्दो-नांतच्या साखर व्यापाऱ्यांशी तह करू पाहणाऱ्या सरकारने केला असता का, याची मला शंका आहे.

आपल्याकडचा धागाही खरा आहे, म्हणून लिहितो. पाँडिचेरी ऑगस्ट १७९३ मध्ये, म्हणजे तुलोंच्याच आठवड्यात, इंग्रजांनी घेतली. त्या वेळी महादजी शिंदे पुण्यात होते आणि उत्तरेत त्यांचे कवायती कंपू द ब्वान्य सांभाळत होता. तो साव्हॉयमधल्या शांबेरीचा, जो प्रदेश फ्रान्सने १७९२ मध्ये ८४ वा जिल्हा म्हणून जोडला होता. त्याच्यानंतर आलेला पेराँ आणि निजामाकडचा रेमाँ, जो १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांविरुद्ध लढला, हे दोघे फ्रेंच. १७९८ पासून वेलस्लीने हैदराबादची पलटण मोडली, टिपूवर चाल केली, १८०३ मध्ये शिंद्यांशी युद्ध केलं, आणि प्रत्येक वेळी कागदावर एक कारण ‘फ्रेंचांचा धोका’ हे होतं. मोडका फ्रान्स असता तर हे कारण लंडनला पटवणं अवघड गेलं असतं. कंपनीने त्यामुळे हात आखडता घेतला असता असं मात्र समजू नका, तिला दुसरं कारण सापडलं असतं.

तेव्हा माझा सल्ला: पाच देशांची नावं काढून टाका. तुकड्यांना त्यांच्या सरकारांची नावं द्या, ती तशीच होती: ‘जनतेची सार्वजनिक सुरक्षा समिती, बोर्दो’, ‘विभागांची सर्वसाधारण समिती, मार्सेय’, पश्चिमेला ‘कॅथलिक आणि राजेशाही सेना’. नाण्यांवर सगळीकडे फ्रान्सच लिहा. सीमेवर चौक्या नकोत, धान्याच्या गाड्या अडवणारे नाके हवेत. आणि सुरुवात बास्तीय किंवा राजाच्या शिरच्छेदापासून नको, ती सगळ्यांनी केली आहे. जून १७९३ च्या शेवटच्या आठवड्यात व्हालांसला सुरू करा. मंडळांची सभा भरली आहे, बाहेर र्‍होनवरून ल्योंच्या बातम्या घेऊन होड्या उतरताहेत, आणि ठराव कुठे झुकणार हे आतल्या कुणालाच माहीत नाही.